पुढची सीट

१

चिंचणीहून आमची गाडी उजाडताच सुटते. गाडी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, धीरजची मॅजिक. मागे बोईसरच्या कारखान्यांत सकाळच्या पाळीला जाणाऱ्या बायका, पुढे चालकाशेजारी एक जण, फारच दाटलं तर दोघं. तारापूर, कुरगाव, पास्थळ आणि मग बोईसरचा स्टँड. रोज तोच रस्ता, तेच खड्डे, डब्यांतल्या सुक्या बोंबलांचा तोच वास.

लीड्सला रस्ते सुरक्षा शिकून मी परत आले आणि पालघरच्या एका संस्थेत कामाला लागले. तिकडेच राहा, असं सांगणारे पुष्कळ होते. पण मला वाटायचं, जिथे रस्त्यावर माणसं मरतात तिथेच हे काम करायला हवं. बोईसरपर्यंत मी धीरजच्या गाडीने जायची. पहिल्याच दिवशी कुरगाव सोडलं आणि त्याचा फोन वाजला. पुढे जमुनाकाकी बसल्या होत्या. त्यांनी डॅशबोर्डवरचा फोन उचलला, बोटाने सरकवला आणि हात लांब करून धीरजच्या डाव्या कानाशी धरला. धीरज निवांत बोलत राहिला. जमुनाकाकी खिडकीबाहेर बघत होत्या, जणू पिशवी धरावी तसा फोन धरून.

"धीरज, हे काय चाललंय?" मी मागून ओरडले.

"काय? माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर आहेत. हातात फोन दिसला तर पोलीस पकडतो. माझ्या हातात कुठे आहे?"

"काकीच्या हातात हाय," मागून एकजण म्हणाली.

"मग काकीवर चलान फाडा!"

"माज्यावर कशाला रं?" जमुनाकाकी म्हणाल्या. "मी कुठं गाडी चालवते? मला तर सायकल पन येत नाय."

सगळी गाडी हसली. धीरजसुद्धा हसला, आणि फोनवरच्या माणसाला म्हणाला, "काही नाही, आमची ताई आलीय लंडनवरून."

लीड्स म्हणजे लंडन नव्हे, हे सांगणं मी केव्हाच सोडून दिलं होतं. पण ही गोष्ट सोडण्यासारखी नव्हती. हळूहळू कळलं की या रस्त्यावरच्या सगळ्या गाड्यांत हीच पद्धत आहे. पुढे बसायचं तर चालकाचा फोन त्याच्या कानाला धरायचा. नेहमीचे प्रवासी सीट राखून ठेवायला फोन करतात, घरची माणसं 'कुठे पोचलास' विचारायला करतात. चालकाचे हात मोकळे, म्हणजे कायदा पाळला, असं सगळ्यांना मनापासून वाटत होतं.

मी स्टँडवर सभा घेतली. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ समजावून सांगितलं. म्हटलं, कायदा हाताचं बोलतो हे खरं, पण मरण हातातून येत नाही, लक्षातून येतं. फोनवर असलेला माणूस रस्त्यावर नसतो. तो पलीकडे असतो, जो बोलतोय त्याच्याजवळ. आणि जोवर शेजारी कुणी बसतंय तोवर ते फोन धरणारच. म्हणून नियम असा, की फोन मागे टांगलेल्या पिशवीत टाकायचा आणि पुढची सीट रिकामी ठेवायची.

"रिकामी सीट घेऊन फिरायचा?" भिका म्हणाला. तो डोंगराकडचा, आमच्या स्टँडवरचा सगळ्यांत जुना चालक. "सीट कवा रिकामी राहते का, मॅडम?"

कुणी लगेच तयार झालं नाही. शेवटी धीरजच उठला. "ताई एवढं शिकून आलीय. घरच्यांनी नाही ऐकलं तर कोण ऐकणार? माझ्या गाडीची पुढची सीट उद्यापासून बंद." मग एकेक करून बाकीचेही तयार झाले. त्या संध्याकाळी मला वाटलं, यासाठीच मी परत आले.

रूपलला, धीरजच्या बायकोला, सातवा महिना होता. तिलाही मी बजावलं, तो गाडीवर असताना फोन करायचा नाही.

"मग मला कळणार कसं, नीट पोचले की नाही?"

"मी आहे ना रोज त्याच गाडीत," मी म्हटलं. "तुझ्या बाळाचा बाप रोज धडधाकट घरी येईल. शब्द देते."

रूपलने माझा हात धरला आणि आपल्या पोटावर ठेवला. आतून एक ढुशी बसली. म्हणजे शब्द आता दोघांना दिला गेला.

२

चलान आलं तेव्हा आम्ही ओट्यावर बसलो होतो. धीरजने फोन माझ्यापुढे धरला. "घे. तुझ्या नियमाचं बक्षीस."

वाहन चालवताना मोबाईलचा वापर. खाली फोटो होता, दुपारच्या परतीच्या फेरीत, मी गाडीत नसताना, नाक्यावर समोरून काढलेला. नंबर धीरजच्याच गाडीचा. काचेतून धीरज स्पष्ट दिसत होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर, अगदी माझ्या पुस्तकातल्या चित्रासारखे. आणि डाव्या कानाशी फोन.

"शपथ घेतो ताई. फोन मागे पिशवीत होता. तूच तर टांगलीस ती पिशवी."

"मग हा कुणी धरलाय?"

"कुणी नाही. पुढे कुणी नव्हतंच."

मी फोटो मोठा केला. फोनभोवती बोटं दिसत होती. बोटांच्या पुढे काचेवर आभाळ उतरलं होतं, पांढरं, त्यामुळे शेजारच्या सीटवर काय आहे ते कळत नव्हतं.

मी विचार केला, तसा विचार करायलाच मी शिकले आहे. मागच्या एखाद्या बाईने हात पुढे घातला असेल. जुनी सवय, फोन वाजला की हात आपोआप जातो. दुसऱ्या दिवशी मी गाडीत विचारलं.

"आमी तर झोपलेल्या असतो पोरी," जमुनाकाकी म्हणाल्या. त्या आता मागे बसत. "पुढं बसले अस्ते तर सांगितला अस्ता, माजाच हात हाय म्हनून. मला काय भ्या?"

मी मागून हात घालून पाहिला. चालकाच्या पाठीमागून कानापर्यंत पोचता येतं, पण मग बोटं मागून पुढे येतात. फोटोतली बोटं उलट होती. ती पुढून आली होती, डाव्या बाजूने, शेजारी बसलेल्या माणसाची येतात तशी. पण फोटो लहान होता आणि ऊन पडलं होतं. उन्हात डोळ्यांना काहीही दिसतं, असं मी स्वतःला सांगितलं आणि त्यावर माझा विश्वासही बसला.

३

तरी चलान खोटं आहे हे सांगायला आम्ही पालघरला गेलो. ज्याने फोटो काढला तो हवालदार भेटला. पुंडलिक त्याचं नाव. माणूस बोलघेवडा होता. त्याने आम्हाला बसायला सांगितलं आणि स्वतः उभाच राहिला.

"मॅडम, तुम्हीच ना त्या अभियानवाल्या? कौतुक आहे तुमचं. आणि हा तुमचा सख्खा भाऊ? अरेरे."

"साहेब, माझ्या हातात फोन नाही," धीरज म्हणाला. "बघा ना फोटोत."

"हातात नाही, कानाला आहे. कायदा चालकाला विचारतो बाबा. कुणी धरला, ते विचारत नाही. उद्या म्हणशील, फोन आपला आपण येऊन बसला."

"पुढे कुणी बसलं होतं का? तुम्ही पाहिलंत ना?" मी विचारलं.

"कुणी नव्हतं. म्हणून तर चटकन फोटो काढला. मला वाटलं, कशात तरी अडकवलाय. पोरं हेल्मेटमध्ये खुपसतात ना, तसा."

"पण बोटं दिसतायत."

पुंडलिकने फोटोकडे पाहिलं नाही. आधीच बऱ्याचदा पाहिला असावा. "पुन्हा सापडला तर लायसन्स निलंबनाला पाठवावं लागेल. सांगून ठेवतो," तो धीरजला म्हणाला. मग धीरज बाहेर पाणी प्यायला गेला तेव्हा तो माझ्याजवळ आला. आवाज खाली गेला होता.

"मॅडम, एक विचारू का? तुमच्या स्टँडच्या गाड्यांचे असे फोटो आता बरेच येतात. हात दोन्ही जागेवर, शेजारची सीट रिकामी आणि कानाला फोन. आधी नव्हते येत. आधी शेजारी माणूस दिसायचा, आम्ही समजून घ्यायचो."

"कधीपासून येतात?"

"तुम्ही ती सीट रिकामी करायला लावलीत ना, तेव्हापासून."

तो हसला, पण ते हसणं पुरं झालं नाही. मी म्हटलं, ऊन असतं, काचेवर चमक येते. तो म्हणाला, हो, तसंच असेल.

४

त्यानंतर मी धीरजच्या बरोबर मागे बसू लागले. त्याचा फोन बंद करून माझ्या पर्समध्ये ठेवायची आणि पर्स मांडीवर. हे शास्त्र होतं. एक गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं.

काही दिवस काहीच झालं नाही. मग एका सकाळी, कुरगावच्या पुढे, धीरजची मान डावीकडे किंचित झुकली. खूप नाही. कानाला काही टेकलं की आपण त्यावर जेवढा भार देतो तेवढीच. मी आरशात पाहिलं. त्याचे डोळे उघडे होते, पण रस्ता बघत नव्हते. हे डोळे मला ओळखीचे होते. लीड्सच्या प्रयोगशाळेत आम्ही असे डोळे चित्रफितीत थांबवून थांबवून पाहायचो. फोनवर बोलणाऱ्या चालकाचे डोळे.

"हो," तो म्हणाला. "हो. आता कुरगाव सोडलं."

माझ्या मांडीवरची पर्स मी घट्ट धरली. आतला फोन हाताला लागत होता, थंड.

"हो, पुढची रिकामीच आहे," धीरज म्हणाला. नेहमीच्या प्रवाशाशी बोलतो त्याच आवाजात, आदबीने. "नाही नाही, कुणाला बसवत नाही. ताईचा नियमच आहे तसा."

पास्थळच्या अलीकडे डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली एक बाई रस्ता ओलांडत होती. ती मला दिसली, मागच्या सगळ्या बायकांना दिसली. धीरजने वेग कमी केला नाही. मी त्याचा खांदा धरून ओरडले. ब्रेक लागले, गाडी तिरकी झाली, बाईची पाटी रस्त्यावर उलटली. बाई उभी होती. शिव्या देत होती, म्हणजे जिवंत होती.

"कुणाशी बोलत होतास?" मी विचारलं.

"कुठे? मी बोललोच नाही."

"धीरज, ती बाई तुला दिसली नाही?"

"अचानक आली ना ताई मध्येच." तो घामाने भिजला होता. खरोखरच त्याला काही आठवत नव्हतं.

मासे गोळा करायला आम्ही खाली उतरलो. परत चढताना मी पुढच्या सीटवर हात टेकला. सकाळची गार हवा होती, खिडकी उघडी होती, आणि ते रेक्झिन गरम होतं. बराच वेळ कुणी बसून नुकतंच उठून गेल्यासारखं.

इंजिन खालीच असतं, मी स्वतःला म्हटलं. या गाड्यांचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. ते तपासायला मी धीरजच्या सीटवर हात ठेवला. मासे गोळा करेपर्यंत ती पार गार झाली होती.

डॉक्टरला दाखवलं. मेंदूची तपासणी केली. काही क्षण भान हरपण्याचा एक आजार असतो, तो असावा अशी मी अक्षरशः प्रार्थना केली. आजाराला नाव असतं, औषध असतं. सगळं ठीक निघालं. गाडी काही दिवस बंद ठेव, असं मी सांगितलं तर धीरज माझ्यावर पहिल्यांदाच चिडला. "बाळंतपण तोंडावर आलंय आणि मी घरी बसू? लोक काय म्हणतील, ताई आली आणि गाडी बंद झाली?"

रूपल दारात उभी राहून ऐकत होती. मी दिलेल्या शब्दाची आठवण तिने करून दिली नाही, तेच जड गेलं.

५

दुसरं चलान आलं. धीरजला लायसन्सची काळजी लागली. मी फोटो बघत होते. या वेळी ऊन नव्हतं, ढगाळ होतं, आणि काच स्वच्छ होती. पुढची सीट नीट दिसत होती. तिची शिवण दिसत होती, पाठीवरचा फाटका भागही. सीट रिकामी होती. आणि धीरजच्या कानाशी आता नुसती बोटं नव्हती. मनगट होतं, मनगटाच्या मागे कोपरापर्यंतचा हात होता. कोपराशी तो संपत होता. तुटला नव्हता, पुढचा अजून आला नव्हता.

हे वाक्य मी मनात कसं तयार केलं, मला माहीत नाही. मी तसा विचार करणारी बाई नाही.

स्टँडवर भिका आपल्या गाडीशेजारी तंबाखू मळत उभा होता. मी त्याच्या गाडीत डोकावले. पुढच्या सीटवर भाताच्या तुसाचं एक गच्च भरलेलं पोतं होतं, दोरीने सीटला आवळून बांधलेलं.

"भिकादादा, हे काय? नियम ठरला होता ना?"

"रिकामी ठेवायचा नियम व्हता. मानूस बसवायचा नाय. मी कुठं बसवला? पोतं हाय."

"का पण?"

त्याने तळव्यावरचा चुना झटकला. "तुमी म्हनाला, फोन मागं ठेव. मी ठेवला. तरी कानाला कोनतरी धरतो. मी बघत नाय त्या बाजूला. रस्त्याकडं बघायचा." त्याने तंबाखू ओठाखाली सरकवली. "मग येक दिस ऐकला, मीच बोलतो हाय. सांगतो हाय, सीट मोकळी हाय, या म्हनून. आपल्याच तोंडातून."

"आणि मग?"

"मग पोतं बांधला. आता फोन नाय येत."

"कोण आहे ते?"

"मला काय ठाव?" तो चिडला. "तुमी शिकलेल्या. मी तुमाला सभेत इचारला व्हता. सीट कवा रिकामी राहते का?"

मी त्या बोलण्यावर विश्वास ठेवला, असं म्हणणार नाही. पण संध्याकाळी मी जमुनाकाकींना गाठलं आणि पुन्हा पुढे बसायची विनंती केली. फोन धरायचा नाही, फक्त बसायचं.

"मी नाय बसनार तिथं," त्या म्हणाल्या. एरवी प्रत्येक गोष्टीवर विनोद करणारी ही बाई तेव्हा हसली नाही. "मागनं बघते मी रोज. धीरज गाडी चालवतो तवा ती सीट दबते, पोरी. खड्ड्यात सगळी गाडी उडते, ती सीट उडत नाय."

मी घरी आले, एक पोतं काढलं, मग परत ठेवलं. मला लाज वाटली. ज्या रस्त्यावर मी लोकांना सांगत फिरते की अपघात दैवाने होत नाहीत, त्याच रस्त्यावर माझ्या भावाच्या गाडीत पोतं बांधून मी काय सांगणार होते? सीट रिकामी करायला मीच लावली होती. तिच्यावर कुणी बसायचंच असेल तर मी बसायला हवं.

६

मी पुढे बसू लागले.

रस्त्याची पाहणी करतेय असं संस्थेला सांगून दिवसाच्या प्रत्येक फेरीला. धीरज थट्टा करायचा. "आता फोन आला तर धरशील का कानाला?" मी त्याच्या डोक्यात टपली मारायची. मागे बायका पुन्हा गप्पा मारू लागल्या. सीट गार होती, नेहमीसारखी, इंजिनाने थोडी कोमट होणारी. धीरजची नजर रस्त्यावरून हलत नव्हती. पुंडलिक नाक्यावर दिसला की मी हात करायची आणि तो सॅल्यूट ठोकायचा.

रूपलची तारीख जवळ आली होती. एका संध्याकाळी ती म्हणाली, "ताई, तुम्ही पुढे बसल्यापासून मला झोप लागते." मला बरं वाटलं. शास्त्राचं नाव पुढे करून का होईना, मी त्याला राखत होते. मला वाटलं, सगळं एवढंच होतं. रिकाम्या जागेची भीती. ती भरली, भीती गेली.

मधून मधून एक गोष्ट खटकायची, पण मी ती बाजूला सारायची. समोरून स्टँडच्या इतर गाड्या यायच्या. भिकाच्या गाडीत पोतं. बाकी सगळ्या गाड्यांच्या पुढच्या सीटा रिकाम्या. माझं ऐकून रिकाम्या ठेवलेल्या. त्या समोरून जाताना मी चालकांच्या चेहऱ्याकडे बघणं टाळायची. कारण एकदा पाहिलं होतं, आणि त्या चालकाची मान डावीकडे झुकलेली होती.

यावर काहीतरी करायचं असं मी रोज ठरवायची. आधी बाळंतपण होऊ दे, मग स्टँडवर पुन्हा सभा घेऊ.

७

त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. कापणी झालेल्या शेतांवर बगळे बसले होते. कुरगाव मागे पडलं. मागे बायकांचं कुणाच्या तरी सुनेवरून चाललं होतं. जमुनाकाकींचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

मग तो बंद झाला. सगळेच आवाज बंद झाले.

धीरजने गाडी बाजूला घेतली, वेग कमी केला. मला वाटलं, समोर काही आहे. रस्ता मोकळा होता. डाव्या कडेलाही कुणी उभं नव्हतं. नुसती कड, गवत आणि त्यापलीकडे खाचरं.

"ताई, सरक जरा," धीरज म्हणाला.

मी सरकले.

या गाड्यांतून लहानपणापासून हिंडलेल्या माणसाला 'सरक' म्हटलं की विचार करावा लागत नाही. अंगच अर्धी बैठक सोडतं. बाहेर राहून मी पुष्कळ काही विसरले होते, हे विसरले नव्हते. पिशवी उचलून मी धीरजच्या बाजूला, गिअरला गुडघा लागेल इतकी सरकले, आणि सरकल्यावर मला कळलं की मी काय केलं.

डावीकडचं दार उघडलं. गाडी त्या बाजूला कलली. दार लागलं.

"नीट बसलात ना?" धीरजने विचारलं, आणि गिअर टाकला.

मी समोर बघत होते. भिका म्हणाला होता, त्या बाजूला बघायचं नाही. माझ्या मांडीला दुसरी मांडी लागत होती. दाटीवाटीत लागते तशी, सहज, आणि गरम. श्वास ऐकू येत नव्हता. मागून एका बाईचं दबलेलं रडणं ऐकू येत होतं.

गाडीने वेग घेतला. मग माझ्या तोंडासमोरून एक हात गेला. डावीकडून उजवीकडे, धीरजच्या दिशेने, सावकाश. आधी बोटं गेली, मग मनगट, मग कोपर. कोपरानंतर खांदा यायला हवा होता. खांदा आला नाही. हात जातच राहिला. एवढ्या जवळून जात होता की मला त्याच्यावरची लव दिसत होती. त्या बोटांत फोन होता का, हे मी सांगू शकणार नाही. काहीतरी उजळ होतं, आणि त्यात कुणीतरी बोलत होतं.

धीरजची मान झुकली.

पास्थळच्या वळणावर टँकर उभा होता. त्याचे मागचे दिवे मला दिसत होते, त्याच्यावर लिहिलेली धोक्याची सूचना दिसत होती, आणि तो मोठा होत होता.

"धीरज! रस्ता!"

"हो," धीरज हळूच म्हणाला, पण मला नाही. "हो. बोला ना. मी ऐकतोय."

मी त्याचा खांदा हलवला. स्टिअरिंगला हात घातला, पण त्याचे हात लोखंडासारखे घट्ट होते, नियमाप्रमाणे, दोन्ही जागेवर. टँकरच्या मागे एक क्लीनर उकिडवा बसला होता. त्याने मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि तो उठू लागला. मला रूपलचं पोट आठवलं, माझ्या तळव्याखाली आतून दिलेली ती ढुशी. जगात दुसरं काहीच शिल्लक राहिलं नाही.

मी डावीकडे न बघता बोलले. कुणाशी बोलतेय ते माहीत नव्हतं, म्हणून मोठ्या माणसाशी बोलतात तसं बोलले.

"अहो, त्याला सोडा. तो गाडी चालवतोय. जे काय बोलायचंय ते माझ्याशी बोला."

हात थांबला.

क्षणभर तसाच राहिला, विचार करत असल्यासारखा. मग मागे येऊ लागला. धीरजची मान सरळ झाली. त्याने "अरे!" असं म्हणत ब्रेक दाबला, गाडी उजवीकडे काढली. टँकर माझ्या बाजूने, हाताच्या अंतरावरून, मागे गेला. क्लीनरच्या शिव्या ऐकू आल्या आणि विरल्या.

"बापरे," धीरज म्हणाला. "ताई, बघितलंस? कसा उभा केलाय वळणावर." त्याचा आवाज थरथरत होता, पण त्याचाच होता. तो पुढे वाकून, डोळे ताणून रस्ता बघत होता. अलीकडच्या कितीतरी दिवसांत मी त्याला इतका जागा पाहिला नव्हता.

तो हात माझ्या चेहऱ्यापाशी आला होता. आतलं बोलणं आता जवळून ऐकू येत होतं, अजून शब्द लागत नव्हते.

धीरजचे दोन्ही डोळे रस्त्यावर होते. मी मान डावीकडे झुकवली.